मातीचे वाचक : डॉ. हसमुख सांकलिया

खर्डा म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचे बुरूज आणि १७९५ ची मराठे व निजाम यांची लढाई उभी राहते. परंतु इतिहास केवळ तटबंदीच्या आतच नांदतो असे नाही. गावोगावी जुन्या वस्तीची जी पांढरी असते, तिच्या मातीतही तो निजलेला असतो. ती माती वाचावयास ज्यांनी महाराष्ट्राला शिकविले, त्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. सेंट झेवियर महाविद्यालयात फादर हेरास यांच्या सान्निध्यात त्यांना प्राचीन इतिहासाची गोडी लागली. पुढे ते लंडनला गेले व १९३६ मध्ये गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तेथेच व्हीलरसाहेबांच्या उत्खननात काम करून मातीचा एकेक थर वेगळा ओळखण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्यांचे खरे ग्रंथालय म्हणजे नद्यांचे काठ आणि शेतकऱ्यांची शेते. आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी, संगमनेरजवळच्या जोर्वे गावी त्यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तेथील तांबड्या, काळ्या नक्षीच्या खापरांवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी लोकांच्या संस्कृतीस जोर्वे हेच नाव पडले. पुढे नेवासे येथे मृत बालकांना मातीच्या रांजणांत पुरल्याचे आढळले. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तांब्याच्या संगतीने तिचा धागाही टिकला होता! पुण्याकडील इनामगाव येथे १९६८ पासून अनेक वर्षे चाललेल्या उत्खननात घरे, चुली, धान्याची पेवे, अशी सारी वस्तीच उजेडात आली.

या सर्व शोधांचे मर्म एकच आहे. खापर कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडले होते, हे कळले तरच ते बोलू लागते. पांढरीची माती खत म्हणून गाडीत भरली, किंवा नव्या घराचा पाया घाईने खणला, की थर एकमेकांत मिसळतात. ग्रंथ फाटला तर त्याची दुसरी प्रत मिळेल. या ग्रंथाची मात्र एकच प्रत असते. यास्तव शेतावर घरे उठण्यापूर्वी जाणत्यांकडून जमीन तपासून घेणे अगत्याचे आहे.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला, आणि २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

जमिनीत सापडलेले मौल्यवान धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे. परंतु खापरास बाजारात मोल नसते. त्याचा राखणदार पाहणाऱ्याचा डोळाच. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरचा पाया खणताना नक्षीचे खापर वर आले, तर कुदळ क्षणभर थांबवावयास वडिलांना सांगा आणि ते आपल्या गुरुजींस दाखवा. पालकांनीही मुलांचे एवढे ऐकावे, अशी आमची विनंती आहे.