टेलिफोनला लिहायला शिकवणारा शास्त्रज्ञ

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आईला जवळजवळ ऐकू येत नसे. त्यांची पत्नी तर पूर्णपणे कर्णबधिर होती. बेल स्वतः कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. अशा माणसाच्या हातून १८७६ मध्ये टेलिफोनचा जन्म व्हावा आणि तोच टेलिफोन पुढची जवळजवळ नव्वद वर्षे कर्णबधिरांना परका राहावा, हा एक विलक्षण दैवदुर्विलासच. डॉक्टरला बोलवायचे, नोकरीची चौकशी करायची, आजारी नातलगाची खुशाली विचारायची, तर त्यांना शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागे. जी गोष्ट इतरांच्या हाताशी होती, तिच्यासाठी त्यांना परक्याची मर्जी सांभाळावी लागत असे. ही कोंडी ज्यांनी फोडली ते रॉबर्ट वाइटब्रेख्ट स्वतः कर्णबधिर होते.

त्यांचा जन्म १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरेंज या गावी झाला. ऐकू येत नसल्याने सवंगड्यांत ते एकटे पडत. पण आकाशातील तारे आणि रेडिओची यंत्रे यांच्याशी मैत्री करायला कानांची गरज नव्हती. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९४२ मध्ये त्यांनी खगोलशास्त्राची पदवी घेतली. महायुद्धाच्या काळात त्यांनी बर्कलेच्याच प्रयोगशाळेत काम केले. पुढे शिकागो विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवून ते स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत दाखल झाले.

नोकरी भौतिकशास्त्रज्ञाची असली, तरी त्यांचा जीव रमला तो हॅम रेडिओत. वृत्तपत्रांच्या कार्यालयांत एकेकाळी रात्रंदिवस खडखडणारे टेलिप्रिंटर जुन्या वाचकांना आठवत असतील. तसलेच एक यंत्र वाइटब्रेख्ट यांनी आपल्या रेडिओ संचाला जोडले होते आणि दूरदूरच्या हौशी मित्रांशी ते टंकलिखित गप्पा मारीत. आकाशातून शब्द पाठवता येत होते. दारापर्यंत आलेली टेलिफोनची तार मात्र त्यांच्यासाठी मुकीच होती.

ही खंत पॅसाडीना येथील दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स यांनाही होती. तेही कर्णबधिर होते. टेलिप्रिंटर टेलिफोनच्या तारेवर चालवता येईल का, असा प्रश्न त्यांनी वाइटब्रेख्ट यांच्यापुढे ठेवला. अडचण केवळ तांत्रिक नव्हती. अमेरिकेतील टेलिफोनचे जाळे मुख्यतः एटी अँड टी या बलाढ्य कंपनीच्या हाती होते आणि तिच्या तारांना बाहेरचे उपकरण जोडण्यास सक्त मनाई होती. वाइटब्रेख्ट यांनी यावर जी युक्ती काढली, ती त्यांच्या प्रतिभेची साक्ष देते. तारेला हात न लावता त्यांनी टेलिफोनचा रिसीव्हरच एका साच्यात ठेवला. टेलिप्रिंटरवर अक्षर दाबले की त्याचे रूपांतर दोन वेगवेगळ्या स्वरांत होई. हे स्वर रिसीव्हरमध्ये ऐकवले जात आणि पलीकडच्या टोकाला असेच दुसरे यंत्र त्यांची पुन्हा अक्षरे करी. तारेवरच्या प्रतिध्वनीमुळे अक्षरे बिघडत. तेव्हा टंकन सुरू असेल तेवढाच वेळ स्वर पाठवण्याची व्यवस्था त्यांनी केली.

मे १९६४ मध्ये रेडवूड सिटी येथील वाइटब्रेख्ट आणि पाचशेहून अधिक किलोमीटरवरचे मार्स्टर्स यांच्यात या यंत्राद्वारे संभाषण झाले. प्रारंभी कागदावर निरर्थक अक्षरे उमटली. थोड्या जुळवाजुळवीनंतर वाक्ये स्पष्ट उमटू लागली. मध्ये कोणी दुभाषी नव्हता. अँड्र्यू सॅक्स या तिसऱ्या कर्णबधिर सहकाऱ्याला सोबत घेऊन या दोघांनी कंपनी स्थापन केली. उपकरणाचे पेटंट वाइटब्रेख्ट यांना १९७० मध्ये मिळाले.

शोध लागला, पण यंत्रे आणायची कोठून? नवा टेलिप्रिंटर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता आणि कंपन्या आपली जुनी यंत्रे बाहेर जाऊ देण्यास नाखूश होत्या. १९६८ मध्ये एटी अँड टीने जुनी यंत्रे कर्णबधिरांना देण्याचा करार केला. त्याच वर्षी कार्टरफोन खटल्याच्या निकालाने बाहेरची उपकरणे जोडण्याचा मार्गही खुला झाला. ही अवजड यंत्रे कर्णबधिर स्वयंसेवकांनी आपापल्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली आणि एकमेकांच्या घरी पोहोचवली.

तरीही मूळ प्रश्न उरलाच. यंत्राचा खर्च ज्याचा त्याने करायचा, बिल मात्र इतरांहून अधिक भरायचे; कारण बोलण्यापेक्षा टंकनाला कितीतरी जास्त वेळ लागे आणि दूरच्या कॉलची आकारणी मिनिटांवर होती. टेलिफोन ही सार्वजनिक सेवा असेल, तर ती सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा भार एकट्या अपंगाने का उचलावा? वाइटब्रेख्ट यांच्याच कॅलिफोर्निया राज्याने १९७९ मध्ये कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिले. बहिरेपणाचा दाखला असलेल्या ग्राहकाला हे यंत्र वेगळी आकारणी न करता द्यायचे आणि त्यासाठी सर्वच ग्राहकांच्या बिलावर अल्पसा अधिभार लावायचा, अशी ती व्यवस्था होती. ही खैरात नव्हती; जाळ्याचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकाने उचललेला तो वाटा होता. पुढे इतर अपंगांनाही या योजनेत सामावून घेण्यात आले.

आपले यंत्र हक्काची वस्तू झालेले वाइटब्रेख्ट यांना पाहता आले. त्यापुढचा टप्पा मात्र पाहता आला नाही. १९८३ मध्ये मोटारीच्या धडकेत जखमी होऊन त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याकडे असे यंत्र नाही, त्याच्याशीही कर्णबधिरांना मध्यस्थ ऑपरेटरमार्फत बोलता यावे, यासाठी कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये रिले सेवा सुरू झाली. १९९० च्या अपंगविषयक केंद्रीय कायद्याने ती देशभर बंधनकारक केली आणि तिचा खर्च अपंगांवर न टाकता टेलिफोन व्यवस्थेवर सोपवला.

मोबाइल संदेश आणि व्हिडिओ कॉल यांच्या युगात वाइटब्रेख्ट यांचे यंत्र जुने झाले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१६ मध्ये त्याच्या जागी इंटरनेटवर चालणाऱ्या तत्काळ मजकूर सेवेला मान्यता दिली. यंत्रे अशी येतात आणि जातात. परंतु ज्याला ऐकू येत नाही त्याचाही या तारेवर तितकाच अधिकार आहे आणि त्याची किंमत सर्वांनी मिळून मोजायची असते, हे तत्त्व त्या खडखडणाऱ्या यंत्रामुळेच कायद्यात आले.