रोज फक्त दोन मिनिटं जास्त

ग्रुपवर जंगल ट्रेकचा मेसेज पडला की आधी काय होतं? बूट, सॅक, रेनकोटची खरेदी. मग निघायला आठ दिवस उरले की कोणीतरी एकदम दहा किलोमीटर पळून येतं आणि दुसऱ्या दिवशी होस्टेलचा जिना कठडा धरून उतरतं. हसू नका, तुमच्यातलंच असतं ते कोणीतरी. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची तयारी बघा. पवनारला सहलीला गेला असालच. तिथले विनोबा भावे.

भूदानासाठी देशभर चालणारे विनोबा तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत. पण 1938 मध्ये तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर हा माणूस गावाच्या वेशीपर्यंत तरी चालेल का, अशी शंका आली असती. वय 42 आणि वजन 88 पौंड, म्हणजे जेमतेम 40 किलो. गांधीजींना काळजी वाटली. त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवलं. विनोबांनी निवडलं पवनार, जमनालाल बजाज यांचा धाम नदीकाठचा रिकामा बंगला. (वर्ध्याचा मार्च महिना आणि थंड हवा!)

ते तिथे मोटारीने गेले. नदीवरचा पूल ओलांडताना आश्रमाच्या सगळ्या कामांचा विचार त्यांनी मनातून सोडून दिला. मग शेतात कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं खणलं. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी नऊ. रोज दोन मिनिटं जास्त, असं करत ते तासावर पोचले. गणित करून बघा, महिना लागतो. तेही सलग नाही. थोडं खणायचं, कुदळ ठेवून शांत उभं राहायचं, पुन्हा खणायचं. दहा महिन्यांत वजन 128 पौंड झालं, म्हणजे 58 किलो. याच खणण्यात भरत-राम भेटीची जुनी मूर्ती सापडली. ती आजही आश्रमात आहे.

शरीर असं घडवायची सवय त्यांना तुमच्या वयापासून होती. 1917-18 मध्ये साबरमतीहून रजा घेऊन ते वाईला संस्कृत शिकायला गेले. तिथे तब्येत सुधारायला आधी रोज दहा-बारा मैल चालले, मग सहा-आठ शेर धान्य दळलं, नंतर तीनशे सूर्यनमस्कार. महाराष्ट्रात पायी फिरताना रायगड, सिंहगड, तोरणाही पाहिला. जिमची फी शून्य.

1951 च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा 55 वर्षांचे, पोटात अल्सर, आहार दही-मधासारखा मोजका. तरी रेल्वे सोडून ते वर्ध्याहून पायी निघाले. सुमारे तीनशे मैल, जवळपास महिना. तिथूनच पुढे 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि चालणं थांबलंच नाही. पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचं आणि ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा.

पण एक गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. 1952 च्या डिसेंबरात बिहारमधल्या (आता झारखंड) चांडिलला त्यांना जीवघेणा मलेरिया झाला. इतकी वर्षं कमावलेलं शरीर, तरी तापाने आडवं केलं. त्यांनी औषधही नाकारलं, लोकांनी विनवण्या केल्यावरच घेतलं. मला विचाराल तर ते औषध नाकारणं अजिबात अनुकरणीय नाही. मेळघाट, गडचिरोलीच्या जंगलात जाणार असाल, तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी सॅकमध्ये सगळ्यात आधी टाका. परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तरी रक्त तपासा आणि कुठे गेला होता ते सांगा. डासाला तुमचा स्टॅमिना कळत नाही.

बरे झाल्यावर विनोबा पुन्हा चालू लागले. 1955 चा पावसाळा त्यांनी ओडिशात कोरापुटच्या डोंगरजंगलात काढला. चिखल, नाले, मलेरियाचाच मुलूख, आणि वय साठीला टेकलेलं.

1964 च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले, 68 वर्षांचे होऊन. मोटारीने नव्हे, पायी.