सोन्याच्या तोफा आणि गावोगावच्या शाळा : महाराजा सयाजीराव गायकवाड



आपला पांढुर्णा-सौंसरचा पट्टा तसा खाऊनपिऊन सुखी. संत्र्याचे बगीचे आहेत, कपाशी आहे, नागपूरची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नवा जिल्हा म्हटला की पैसा कशावर खर्च करायचा, ही चर्चा पारावर, दुकानात आणि घरोघरी होणारच. काहींचे म्हणणे असे, की सरकारने शाळा, वाचनालये, सुधारणांचे कायदे यांत फार पैसा घातला आणि फार ढवळाढवळ केली, तर चांगला चाललेला व्यापारउदीम बसतो. काहींना वाटते, की याच गोष्टींमुळे व्यापार वाढतो. हा वाद नवा नाही. एका मराठी राजाने साठ वर्षांच्या कारकिर्दीत हाच प्रयोग एका श्रीमंत संस्थानात करून पाहिला. ते राजे म्हणजे बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड, तिसरे.

त्यांच्या गोष्टीला आपल्या भागाच्या इतिहासाची एक कड जोडलेली आहे. आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे बडोद्याच्या गादीवरही असाच बाका प्रसंग आला, पण तोवर १८५७ चा उठाव होऊन गेला होता आणि इंग्रजांचे धोरण बदलले होते. त्यामुळे तिथे दत्तक मान्य झाला आणि एका शेतकऱ्याच्या मुलाचे नशीब उघडले.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळ. जन्म मार्च १८६३ मधला, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे या गावी. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण परिस्थितीने साधे शेतकरी. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गोपाळची अक्षरओळख जवळजवळ नव्हतीच.

त्या वेळी बडोद्याच्या गादीवर मल्हारराव गायकवाड होते. बडोदे हे हिंदुस्थानातल्या अत्यंत संपन्न संस्थानांपैकी एक. आधीच्या खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, तर मल्हाररावांनी सोन्याच्या ओतवल्या. राज्यकारभार मात्र विस्कटला होता. इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोगाचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला, चौकशी झाली आणि १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्यातल्या काही मुलांना बडोद्याला आणले गेले. कशासाठी आलास, असे विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलो, असे बेधडक उत्तर दिल्याची आठवण सांगतात. २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तकविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

पुढची सहा वर्षे कसून अभ्यासाची. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक, मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या भाषा, शिवाय घोडेस्वारी आणि तालीम. इकडे दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभाराची आणि जमाखर्चाची घडी बसवली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

पैसा कुठे गेला?

महाराजांपुढे दोन वाटा होत्या. सुपीक काळी जमीन, कापूस आणि मुंबई-अहमदाबाद लोहमार्गाचा शेजार असलेले राज्य आहे तसे चालवले असते तरी त्यांना काही कमी पडले नसते. त्यांनी दुसरी, खर्चाची वाट धरली. बडोदे शहराला पाणी मिळावे म्हणून आजव्याला मोठा तलाव बांधला. तोच आजचा सयाजी सरोवर. छोट्या रुळांच्या रेल्वेमार्गांचे जाळे वाढवले. १८९० मध्ये कलाभवन ही संस्था काढली. तिथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे हाताला काम देणारे शिक्षण मिळे. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

सर्वांत मोठे पाऊल प्राथमिक शिक्षणाचे. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. अनुभव घेऊन १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्याला लागू केले. मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० ही वये ठरली. राजा मराठी असला तरी शाळा प्रजेच्या भाषेत, म्हणजे गुजरातीत चालल्या. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा व्हावा म्हणून नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचाच दाखला होता. ते विधेयक मात्र नामंजूर झाले.

शिकलेल्याला वाचायला पुस्तक हवे, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावले. गावोगावी वाचनालये निघाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९०४ मध्ये झाला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे निघाली.

विरोध आणि चुका

हे सारे सुखासुखी झाले असे समजू नका. शाळेच्या सक्तीला विरोध झाला तो घरातूनच. कपाशी वेचायला, गुरे राखायला मूल हवे होते. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होई आणि गरीब घराला तो जाचक वाटे. वरचेवर होणारे कायदे रूढी मानणाऱ्यांना रुचत नव्हते. महाराज प्रकृतीच्या कारणाने अनेकदा युरोपात राहात, त्यावरही टीका होई. लक्ष्मीविलास राजवाड्यावर झालेला अफाट खर्च शाळांच्या हिशेबात बसत नाही, हेही खरे. सुधारणा होत्या, पण त्या वरून हुकमाने येत. प्रजेला कारभारात खरी सत्ता फारशी मिळाली नाही.

काही प्रयोग फसलेही. उद्योगधंदे वाढावेत म्हणून सरकारी खर्चाने बडोद्यात कापडाची गिरणी उभारली, पण ती पुढे खासगी हातांत द्यावी लागली. सरकारने स्वतः दुकान मांडणे आणि दुकानदाराला चांगला रस्ता, हिशेब येणारा नोकर व विश्वासाची पेढी मिळवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

निसर्गापुढे तर राज्य हतबल झाले. १८९९-१९०० चा दुष्काळ भयानक होता. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. सुधारलेला कारभार असूनही एवढी हानी झाली, हे विसरता येत नाही.

पेरलेले उगवले

मग हिशेब काय निघाला? राज्य बुडाले का? तसे झाले नाही. दुष्काळानंतर सहा वर्षांतच महाराजांनी सक्तीचे शिक्षण राज्यभर नेले. हात आखडता घ्यायला त्याहून चांगले निमित्त मिळाले नसते, पण त्यांनी तो घेतला नाही. १९०७ मध्ये कलाभवनाचे प्राध्यापक गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांनी अलेंबिक हा रसायनांचा कारखाना सुरू केला. २० जुलै १९०८ रोजी महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१३ नंतर देशातल्या कित्येक बँका कोसळल्या, पण ही टिकली. आज ती देशातल्या मोठ्या सरकारी बँकांपैकी एक आहे. काठेवाडच्या टोकाला ओखा बंदर १९२६ मध्ये खुले झाले. १९३९ मध्ये त्याच ओखामंडळात मिठापूरला टाटा केमिकल्सचा कारखाना आला. १९३१ च्या शिरगणतीत बडोद्यातले साक्षरतेचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होते. आणि इतका खर्च करूनही महाराजांची गणना अखेरपर्यंत जगातल्या श्रीमंत राजांत होत राहिली.

अर्थात पुढे बडोद्याच्या परिसरात जे मोठे उद्योग आले, त्यांचे सारे श्रेय एकट्या महाराजांना देणे बरोबर नाही. स्वातंत्र्यानंतर गुजरातेत खनिज तेल सापडले, तो दैवाचा भाग. पण तेल निघाल्यावर यंत्र चालवणारी आणि हिशेब ठेवणारी शिकलेली माणसे लागतात. ती तयार करणारी परंपरा तिथे आधीपासून होती.

एक उदाहरण सर्वांत बोलके आहे. भीमराव आंबेडकर या हुशार विद्यार्थ्याला महाराजांनी आधी मुंबईत बी.ए. होण्यासाठी आणि मग १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. एका पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले आणि नोकरी सोडून परत जावे लागले. राज्याने शिष्यवृत्ती दिली, पण समाजाने दार उघडले नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर देशातला एक श्रेष्ठ अर्थतज्ज्ञ बडोद्याने खर्च करून घडवला आणि जातिभेदापायी घालवला. नुकसान झाले ते सुधारणा केल्यामुळे नव्हे, ती लोकांच्या मनापर्यंत न पोहोचल्यामुळे. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो कृतज्ञतेने सयाजीरावांनाच अर्पण केला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले.

आपल्यासाठी

मित्रहो, श्रीमंत मुलखाला सुधारणांनी तोटा होतो का, या प्रश्नाचे उत्तर सयाजीरावांच्या चरित्रात आहे. खर्च आज दिसतो आणि फळ पंधरा-वीस वर्षांनी. आपल्या कास्तकारांना हे वेगळे सांगायला नको. संत्र्याचे कलम लावले की पहिली चार-पाच वर्षे नुसता खर्चच असतो. पाणी, खत, राखण सारे करावे लागते, बहार नंतर येतो. म्हणून कुणी कलमे उपटून टाकत नाही. मात्र जमीन न पाहता लावलेले कलम वाळते, तशी न पारखता केलेली सुधारणाही फसते. महाराजांनी आधी अमरेलीच्या काही गावांत करून पाहिले आणि तेरा वर्षांनी राज्यभर नेले, ते यासाठीच.

पालकांना एक नम्र विनंती. कापूस वेचणीचे किंवा संत्रातोडीचे दिवस आले की वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. घरची अडचण आम्ही जाणतो. पण त्या दिवसांची मजुरी आणि मुलाचे बुडालेले शिक्षण यांचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा. आता शाळेसाठी दंड करणारा राजा नाही, निर्णय आपल्याच हाती आहे. शाळेच्या हितचिंतक विश्वस्तांनीही वाचनालयाच्या कपाटाकडे याच नजरेने पाहावे, ही विनंती.

मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा केल्या, त्या पाहायला लोक जमत. सयाजीरावांच्या शाळा पाहायला कुणी जमत नसे. पण राज्याला पुढे नेले ते त्या शाळांनी. बारा वर्षांपर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या एका मुलाने शिक्षणाचे मोल जाणले. आपल्याला तर शाळा दारातच मिळाली आहे. तिचा पुरेपूर लाभ घेऊ या.