डॉ. पांडुरंग खानखोजे

७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे देशाच्या स्वातंत्र्यासाठी तरुणपणीच घर सोडून परदेशी गेले. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले व गदर चळवळीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाचे दार बंद झाल्यावर १९२४ साली ते मेक्सिकोला गेले. तेथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकविताना त्यांनी मका व गव्हाच्या सुधारित जातींवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले. मुलांनो, ताटात भाकरी टाकण्यापूर्वी दाण्यासाठी झिजलेले हे आयुष्य जरूर आठवा.