आजारपणात सापडलेलं गाणं

मैत्रिणींनो, आपल्या मुरगूडहून निपाणी गाठली, की बेळगाव काही फार लांब नाही. त्याच बेळगावजवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकळी जन्मला. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हा पोरगा जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. तेच पुढं कुमार गंधर्व म्हणून गाजले.

मुंबईत देवधर मास्तरांकडं शिक्षण झालं, नाव झालं. १९४७ मध्ये तिथल्याच भानुमतीबाईंशी लग्न झालं आणि लगेचच क्षयानं गाठलं. त्या काळी क्षय म्हणजे जिवावरचंच दुखणं. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये दोघं माळव्यात, देवासला गेली. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. गवयानं गायचं नाही, म्हणजे उरलं काय?

भानुमतीबाईंनी शाळेत शिकवायची नोकरी धरली. घर त्यांच्या पगारावर चाललं, वर नवऱ्याची सेवाशुश्रूषा होतीच. खाटेवर पडल्या पडल्या कुमारांच्या कानावर माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी पडायची. कधी नाथपंथी जोगी भजन म्हणत दारावरून जायचे. ज्याला कुणी गाणं म्हणून मोजत नव्हतं, त्यातच रागांचं मूळ आहे, हे त्यांना उमगलं. ते या धुना लिहून ठेवू लागले.

नवीन औषधं आली आणि पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले. फुप्फुस अधू झालेलं, दम पुरेना. मग छोट्या छोट्या, टोकदार ताना आल्या. लोकधुनांतून मालवती, संजारी असे नवे राग आले, कबीराची निर्गुणी भजनं आली. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण ते मागं फिरले नाहीत. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हे त्यांचं पुस्तक निघालं.

ते बघायला भानुमतीबाई नव्हत्या. १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या. पुढं वसुंधराबाईंनी संसारात आणि मैफलीतही साथ दिली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमार गेले.

हादग्याची, जात्यावरची गाणी आपल्याकडंही आहेत. घरात आजी, आत्या अजून म्हणत असतील, तर जवळ बसून वहीत उतरवून घ्या. ते साधं नाही, गाणंच आहे.