माणसांनाही वाफसा लागतो : लक्ष्मणराव किर्लोस्कर

शेतकरी बंधूंनो, वाफसा नसताना पेरणी केली तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बियाणं चांगलं असतं, खत वेळेवर पडलेलं असतं, तरी उगवण विरळ होते. अशा वेळी जाणता शेतकरी बियाण्याला शिव्या घालत नाही. आपली घाई झाली, हे तो कबूल करतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपण उलटं वागतो. सालगडी टिकला नाही की गडी आळशी, ग्रामपंचायतीचा शिपाई मनापासून काम करीना की शिपाई कामचुकार. आपण त्याला वाफसा दिला होता का, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही.

गावभेटीला गेलं की हल्ली एकच तक्रार पहिल्यांदा कानावर येते. माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. तक्रार खोटी नाही. म्हणूनच आज पिकाचं सोडून एका माणसाचं चरित्र तुमच्यापुढे ठेवतो आहे. ज्यांच्या लोखंडी नांगराने तुमच्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी नांगरल्या, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचं. नांगर सगळ्यांना माहीत आहे. तो नांगर करणारी माणसं त्यांनी कशी जमवली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

डावललेला मास्तर

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमलं नाही. त्यांचा ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. घरच्यांच्या मनाविरुद्ध ते १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांतच एक अडचण पुढे आली. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकाराला रंगच ओळखू येईनात म्हटल्यावर तो रस्ता संपला.

लक्ष्मणरावांनी मात्र हात टेकले नाहीत. रंग दिसत नसले तरी रेघ सरळ येत होती. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे मास्तर झाले. तिथे यंत्रं पाहायला मिळाली, हाताळायला मिळाली. काम आवडीचं होतं. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना बाजूला सारून ती जागा दुसऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला.

इथे जरा थांबा. माणसाला काम आवडत होतं, पगार मिळत होता, तरी तो गेला. का गेला? आपल्या कामाची इथे किंमत नाही, हे त्याला कळलं म्हणून. तुमच्याकडचा चांगला गडी जातो, तेव्हाही कारण पुष्कळदा हेच असतं. शेजारच्या गावात दहा-वीस रुपये जास्त मिळतात, हे तो फक्त तोंडाने सांगतो.

पाठीशी भाऊ, पुढ्यात न खपणारे नांगर

लक्ष्मणरावांचं नशीब असं, की त्यांच्या पाठीशी थोरले बंधू रामचंद्रराव होते. सगळे त्यांना रामूअण्णा म्हणत. १८८८ साली बेळगावात सायकलींचं छोटंसं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव इथून आलं. धंद्याच्या नावातच दोघं भाऊ आहेत.

सायकलीनंतर कडबा कापायची यंत्रं झाली आणि १९०३ च्या सुमारास पहिले सहा लोखंडी नांगर तयार झाले. पुढची गोष्ट तुमच्या बाबतीतली आहे. नांगर कुणी घेईना! लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं, अशी लोकांची समजूत होती. लाकडी नांगर वरवर ओरखडत होता, हराळी-कुंद्याच्या मुळ्या खाली तशाच राहत होत्या, पण सवयीचा होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

हसू नका. विस्ताराच्या कामात आम्ही रोज हेच पाहतो. नवी गोष्ट नाकारणारा शेतकरी मूर्ख नसतो. बुडालं तर त्याला सावरणारं कुणी नसतं, म्हणून तो भितो. ती दोन वर्षं लक्ष्मणरावांनी काढली, कारण त्यांना सावरणारा भाऊ घरात होता. आधार असला की माणूस धीर धरतो.

मालावरचं माळरान

नांगर थोडेफार चालू लागले आणि तेवढ्यात दुसरं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं. कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. माल तयार, माणसं तयार, पण पायाखाली जमीन नाही. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. सूर्यनमस्काराच्या प्रसारामुळे तुम्हाला त्यांचं नाव ठाऊक असेल. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. साल होतं १९१०.

ही जागा म्हणजे आजची सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी. तेव्हा तिथे काय होतं? निवडुंग, दगड आणि साप. प्यायच्या पाण्याची ओढ. लक्ष्मणरावांबरोबर पंचवीसेक कामगार आपापली बायकामुलं घेऊन त्या माळावर राहायला आले. जरा विचार करा. बेळगावसारखं चांगलं गाव सोडून, भरवशाची एकही गोष्ट नसलेल्या ठिकाणी ही माणसं का आली असतील? पगार तर बेळगावातही दुसरीकडे मिळाला असता.

माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर एकच आहे. मालक स्वतः आपल्या बायकामुलांसह त्याच माळावर राहायला आला होता. निवडुंग तोडताना, वसाहत उभी करताना तो लांब शहरात बसून हुकूम सोडत नव्हता. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव या माळावरच वाढले. पुढे मोठे कारखानदार झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं कॅक्टस अँड रोझेस, म्हणजे निवडुंग आणि गुलाब.

माणसं पारखण्याची रीत

आता मुख्य मुद्द्याला येतो. त्या माळावर लक्ष्मणरावांनी कुणाकुणाला हाताशी धरलं, ते बघा.

के. के. कुलकर्णी हे शाळेत नापास झालेले. ते कल्पक व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली. त्यांच्या हातून यंत्रांची कामं झाली आणि ते इंजिनिअर म्हणून नावाजले.  शंभोराव जांभेकर गरज पडेल तसे व्यवस्थापक झाले, पोस्टमास्तर झाले, यंत्राचं बघू लागले आणि औषधपाणीही करू लागले. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता मुख्य हिशेबनीस झाले.

आणि राखणीला कोण? तुकाराम आणि पिऱ्या. दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. त्या काळी अशा माणसाला गावात उभं करून घेणं कठीण. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती कारखान्याची राखण दिली आणि ती त्यांनी विश्वासाने केली. ज्याच्यावर कुणीच विश्वास टाकत नाही, त्याच्यावर एकाने टाकला तर तो जपण्यासाठी तो जिवाचं रान करतो.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा नियम होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा नियम घालणं सोपं नव्हतं. पण साधा विचार करा. ज्या हातांनी दिवसभर एका भट्टीवर काम करायचं, त्यातले काही हात संध्याकाळी पाणवठ्यावर दूर उभे करायचे, मग त्या हातांनी मन लावून काम का करावं?

तुम्ही विचाराल, लक्ष्मणरावांना ही नजर आली कुठून? मला वाटतं, ती त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आली. चित्रकार म्हणून ते नापास, मास्तर म्हणून डावललेले, नांगरवाला म्हणून दोन वर्षं रिकाम्या हाताने परतलेले. एका जागी न चाललेला माणूस दुसऱ्या जागी चालतो, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

अडचणीत परीक्षा

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, परदेशी लोखंड मिळेनासं झालं. कारखाना बंद पडायची वेळ. तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. एकट्याच्या हिमतीवर काही उभं राहतं, असं आपण सहज बोलून जातो. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात भाऊ, औंधचे राजे आणि शाहू महाराज असे तीन आधार ठळक दिसतात. त्यांनी घेतलेला आधार खाली आपल्या माणसांपर्यंत पोचवला, हा त्यांचा मोठेपणा.

याच कारखान्याचे नांगर विकत काही काळ गावोगाव फिरलेल्या एका तरुणाचं नाव तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. भाऊराव पाटील. पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसावं लागे, त्याचं ऐकून घ्यावं लागे. ती शिदोरी त्यांना आयुष्यभर पुरली असणार.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू केलं, ते पुढे नामवंत मासिक झालं. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, १९२६ च्या सुमारास पंप आले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. पुणे-मिरज मार्गाने गेलात तर ते दिसेल, आणि पंपांचा कारखाना आजही तिथे चालू आहे.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे कारखाना नाही, पाच-सात एकर रान आहे, हे मला माहीत आहे. औंधच्या राजासारखं कर्ज देणारंही आज कुणी नाही. तरी काही गोष्टींना पैसे लागत नाहीत.

बोललेल्या दिवशी मजुरी द्या. बाजाराचा दिवस टळल्यावर हातात आलेल्या पैशाची निम्मी किंमत जाते. कामाच्या जागी प्यायला पाणी आणि टेकायला सावली ठेवा. खुरप्याला धार नसेल तर बाईचा हात मंद म्हणू नका. औत चालवणाऱ्याला औताबद्दल विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. चूक झाली तर एकट्याला बाजूला घेऊन सांगा, चांगलं काम झालं तर चारचौघांत सांगा. आपण नेमकं उलटं करतो.

ग्रामसेवक, तलाठी आणि माझ्यासारख्या खात्यातल्या मंडळींनाही हे लागू आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रात्र जागून एका प्रात्यक्षिक प्लॉटचा अहवाल लिहिला होता. वरिष्ठांनी न वाचताच तो फाइलीत खोवला. पुढचे कितीतरी अहवाल मी फक्त तारीख पाळण्यासाठी लिहिले, हे आज कबूल करतो. नंतर दुसरे एक साहेब आले. त्यांनी शेतकऱ्यांसमोर त्या प्लॉटची माहिती मलाच सांगायला लावली. माणूस मीच, पगारही तोच होता. पण त्या दिवसापासून प्लॉट माझा झाला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गोड बोलणं म्हणजे वाफसा नव्हे. मजुरी कमी द्यायची आणि पाठ थोपटायची, हे माणसाला दोन दिवसांत कळतं. लक्ष्मणरावांनी माणसांना काम दिलं, राहायला जागा दिली, जबाबदारी दिली आणि वर विश्वास दिला. यातली एक गोष्ट दिली म्हणून बाकीच्या टाळता येत नाहीत.

येत्या पाडव्याला नवा सालगडी ठरवाल, तेव्हा त्याच्या सालाचा आकडा ठरवण्याआधी जुना का गेला, हे एकदा त्यालाच जाऊन विचारा. उत्तर कडू लागेल. पण माती परीक्षणाचा अहवाल आपण जसा ऐकून घेतो, तसं तेही ऐकून घ्या. पुढचं पीक त्यावरच ठरणार आहे.