देशाला पारखा झालेला कृषिपंडित : डॉ. पांडुरंग खानखोजे

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की सेवाग्राम आणि पवनार ही दोन नावे आपल्या ओठांवर येतात. महात्माजी आणि विनोबाजी यांच्या वास्तव्याने ही भूमी पावन झाली, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या देवळीपासून सतरा-अठरा किलोमीटरवर असलेल्या त्याच वर्ध्यात एक असा पुरुष जन्मला, की ज्याच्या विद्येचा लाभ हजारो कोसांवरच्या मेक्सिको देशाला मिळाला आणि ज्या मातीत तो वाढला तिला मात्र पुष्कळ उशिरा मिळाला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. त्यांच्या चरित्राची थोडक्यात ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८४ च्या सुमारास झाला. बालपण व प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आणि पुढील शिक्षण नागपुरास झाले. तो काळ लोकमान्य टिळकांच्या प्रभावाचा होता. देश स्वतंत्र करावयाचा तर सैनिकी शिक्षण घेतले पाहिजे, या विचाराने पांडुरंग झपाटून गेला आणि १९०६ च्या सुमारास घरदार सोडून समुद्रापार निघून गेला. प्रथम जपान आणि मग अमेरिका असा त्याचा प्रवास झाला. घरची श्रीमंती नव्हती. मिळेल ती मजुरी करून तो शिकला. कॅलिफोर्नियातील माउंट टामालपाइस येथील लष्करी विद्यालयात त्याने कवायत व युद्धविद्या शिकून घेतली, तर ऑरेगॉन राज्यात शेतकीचा अभ्यास केला. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती नांगर असे हे शिक्षण होते. पुढील आयुष्यात ही दोन्ही अंगे एकमेकांच्या आड कशी आली, हेच त्यांच्या चरित्राचे मर्म होय.

१९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर खानखोजेही त्या कार्यात होते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे त्यांचे एक सहकारी. पिंगळे हिंदुस्थानात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले. खानखोजे यांनी दुसरी वाट धरली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते तुर्कस्तान आणि इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीकडे निघाले. इंग्रजांच्या फौजेतील हिंदी शिपायांना फितवावे आणि बलुचिस्तानच्या बाजूने उठाव घडवून आणावा, असा तो बेत होता. तो सिद्धीस गेला नाही. रानावनातून, वेषांतर करून, टोळीवाल्यांच्या आश्रयाने ते कसेबसे जिवंत सुटले. पुढे बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले; परंतु मायदेशी परतण्याची वाट मात्र बंद झाली. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव चढले होते.

काळी यादी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. परदेशी राहणाऱ्या हिंदी माणसाला घरी यावयाचे तर इंग्रज सरकारचाच परवाना लागे. तो मिळाला नाही म्हणजे बोटीचे तिकीटही व्यर्थ. परवान्यावाचून यावे तर बंदरावरच बेड्या पडावयाच्या. तिकडे १९१७-१८ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे गदर पक्षाच्या लोकांवर मोठा खटला चालला आणि १९१७ च्याच नव्या कायद्याने आशिया खंडातील बहुतेक लोकांना अमेरिकेची दारे बंद झाली. सरकारच्या दृष्टीने खानखोजे हे सशस्त्र बंड करू पाहणारे राजद्रोही होते. तेव्हा राज्यकर्त्यांनी त्यांना अडवावे यात नवल नाही. परंतु अडविला गेला तो केवळ बंडखोर नव्हे. त्याच्यातील शास्त्रज्ञही त्याच्याबरोबर अडला.

१९२४ साली खानखोजे मेक्सिकोस पोहोचले. त्या देशात नुकतीच मोठी राज्यक्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना मिळू लागल्या होत्या आणि नव्याने जमीन हाती आलेल्या त्या गरीब शेतकऱ्याला शहाणे करण्याची निकड होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे अध्यापक झाले. आपल्याकडे जशी ज्वारी तसा तिकडे मका. भाकरी मक्याची, सण मक्याचा. त्या मक्यावर त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. मक्याचे एक रानटी भाऊबंद तिकडे उगवते, त्यास तेओसिंते म्हणतात. गवतासारखे दिसणारे हे झाड अत्यंत काटक असते. त्याचा आणि मक्याचा संकर करून अधिक कणसे देणारी, काटक अशी जात तयार करता येईल काय, हा त्यांचा ध्यास होता. मक्याच्या नव्या जातींवरील त्यांची पुस्तिका १९३० साली चापिंगोच्या विद्यालयाने स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध केली. थंडीच्या कडाक्यात आणि कमी पावसात तग धरणारा गहू, डाळींची पिके यांवरही त्यांनी काम केले.

नुसत्या प्रयोगावर ते थांबले नाहीत. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला त्याच्या गावीच बियाणे कसे निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा हे तेथे शिकवीत. दियेगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराशी त्यांचा स्नेह जुळला. मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत रिव्हेराने जी भव्य भित्तिचित्रे रंगविली, त्यांतील एकात सर्वांना भाकरी वाटून देणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे यांच्यावरून रंगविला आहे. वर्ध्याचा एक सुपुत्र परक्या देशातील सरकारी भिंतीवर अन्नदात्याच्या रूपाने उभा आहे, आणि इकडे त्याचे नाव पोलिसांच्या यादीत होते.

आता थोडा विचार करू. शास्त्र वाढते कसे? एका देशातील संशोधक दुसऱ्या देशातील संशोधकाला पत्र लिहितो, पाकिटातून मूठभर बी पाठवितो, परिषदेत भेटतो, एकमेकांचे मळे पाहतो. योगायोग पहा. ज्या १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत उतरले, त्याच साली आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल हे इंग्रज दांपत्य इंदूरला कापसाच्या संशोधनासाठी संस्था उभारीत होते. गॅब्रिएलबाई स्वतः विदुषी वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि बिहारमधील पुसा येथे या दोघांनी तयार केलेल्या गव्हाच्या जाती देशोदेशी नावाजल्या होत्या. त्यांच्या कार्याला कोणत्याही सरहद्दीची आडकाठी नव्हती. नागपुरास शेतकी महाविद्यालयही विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. कोरडवाहू शेती आणि काटक बियाणे हीच आपल्या विदर्भाची मोठी गरज. त्या विषयात जाणता असलेला नागपुरास शिकलेला माणूस हयात होता, उत्साहात होता. परंतु त्याला येथल्या वावरात उभे राहण्याची मुभा नव्हती.

ही कथा एकट्या खानखोजे यांची नाही. पिकांच्या मूळ जाती शोधीत जगभर फिरलेला रशियाचा थोर शास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह हाही १९३० च्या सुमारास मेक्सिकोत मक्याचा शोध घेत आला होता. पुढे १९३९ साली एडिंबरो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आनुवंशशास्त्र परिषदेचा तो नियोजित अध्यक्ष होता. परंतु त्याच्याच सरकारने त्याला जाऊ दिले नाही. दुसऱ्या वर्षी तो कैदेत पडला आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. जर्मनीच्या डोमाक या औषधशास्त्रज्ञाला १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तर हिटलरच्या राजवटीने ते नाकारावयास लावले. पदक त्याला १९४७ साली मिळाले, पारितोषिकाची रक्कम मात्र मिळाली नाही. म्हणजे बंदी घालणारा कधी परका असतो, तर कधी आपलाच.

खानखोजे यांच्या वाट्याला दोन्ही आले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी तारुण्य जाळले ते ध्येय हाती आले. आता तरी घरी जाता येईल असे त्यांना वाटले. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला, तर तो नाकारला गेला! इंग्रज गेले, पण त्यांची काळी यादी कचेरीत तशीच राहिली होती. आणि स्वतंत्र हिंदुस्थानचा कारकून तीच यादी उघडून नावे ताडून पाहत होता. पुढे ही चूक दुरुस्त झाली. नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी पाचारण केले आणि १९४९ साली, घर सोडल्यावर चाळीसहून अधिक वर्षांनी, ते मातृभूमीस परतले. तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. १९५५ पासून ते कायमचे नागपुरास राहू लागले.

येथे त्यांच्या पत्नीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जीन सिंडिक या मूळच्या बेल्जियमच्या. त्यांनी १९३६ साली खानखोजे यांच्याशी विवाह केला. ज्याला स्वतःचा देश घरात घेत नव्हता, अशा, वयाची पन्नाशी गाठलेल्या माणसाचा संसार त्यांनी थाटला, सावित्री आणि माया या दोन मुलींना वाढविले आणि अखेर पतीसाठी स्वतः परदेश पत्करून नागपूरच्या उन्हाळ्यात येऊन राहिल्या. परवान्याच्या कागदावर एका माणसाचे नाव असते. त्याची किंमत सगळे घर मोजते. सावित्री सॉहनी यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आहे. कधीही माफी मागणार नाही हा वडिलांचा निर्धार त्यांनी त्या पुस्तकाच्या नावातच मांडला आहे. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहून आपणा सर्वांना उपकृत केले आहे.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरास डॉ. खानखोजे यांचे देहावसान झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, दुष्काळाने गांजलेल्या आपल्या सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे बोटींनी आणविले होते. लेर्मा रोहो आणि सोनोरा या त्या जाती नॉर्मन बोरलॉग आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांची फळे होत. त्यांचे श्रेय खानखोजे यांना देणे बरोबर होणार नाही. तरीही एक गोष्ट मनास लागून राहते. मेक्सिकोचे बी आपल्या देशाला केवढे उपयोगी पडू शकते, हे पुढे साऱ्या जगाने पाहिले. त्याच मेक्सिकोत, त्याच चापिंगोच्या परिसरात, वीस-तीस वर्षे आधी आपला माणूस बियाण्यांवर काम करीत होता. मधला मार्ग मोकळा असता तर किती पत्रे, किती बियाणे, किती विद्यार्थी इकडून तिकडे गेले असते, याचा हिशेब आता कोणी मांडू शकत नाही.

२०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात डॉ. खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. एके काळी ज्याला घरी येण्याचा परवाना मिळत नव्हता, त्याच्या सन्मानासाठी देशाच्या लोकसभेचे अध्यक्ष तेथवर गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पुतळा दूर आहे आणि शाळा जवळ आहे. आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींच्या घरी वावर आहे. पऱ्हाटी, तूर, गहू, ज्वारी यांत त्यांचे हात रोजच गुंतलेले असतात. बियाणे निवडून जपून ठेवण्याचे काम तर पिढ्यानपिढ्या बायकांचेच. अशा घरांतील मुलामुलींना पांडुरंग खानखोजे हे नाव ठाऊक असावे, हे आपल्याला सहज करता येण्यासारखे आहे. मंडळाच्या वाचनालयात त्यांचे चरित्र यावे आणि एखाद्या दुपारी ते सर्वांनी मिळून वाचावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.